पिल्लाला दमवू नका, निजवा

महोदय,

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की आठवड्याभरात सल्ला हजर असतो : 'मस्ती करतंय ना? पळवा, दमवा, आपोआप गप्प बसेल.' मग सोसायटीच्या आवारात रोज संध्याकाळी तासभर चेंडू फेकला जातो. पिल्लू घरी येते, पाण्याचे भांडे उलथवते, दिसेल तो पायजमा दातात धरते, सोफ्याभोवती गरगरा फिरते आणि मालक म्हणतो, 'अजून दमलं नाही!' खरे तर ते केव्हाच दमलेले असते, फक्त त्याला थांबता येत नसते. रोजच्या धावपळीने त्याचा दमसास वाढतो आणि सतत चेकाळलेले राहण्याची सवय पक्की होते.

दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. आपल्या फ्लॅटमध्ये ती त्याला क्वचितच मिळते. त्याचे अंथरूण हॉलमध्ये असते आणि हॉलमध्ये टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून आलेली मुले, दाराची बेल, पार्सलवाले. प्रत्येक आवाजाला ते उठते. साधारण हिशेब असा ठेवावा : पाऊण ते एक तास जागे, मग दीड ते दोन तास झोप. चावणे एकदम वाढले, हाक ऐकू येईनाशी झाली, उगाच गोल गोल धावणे सुरू झाले, तर ती झोपेची वेळ उलटून गेल्याची खूण आहे. अशा वेळी रागावू नये, शिकवूही नये. शू करवून आणावी आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, पडदा ओढून, पंखा लावून निजवावे. पिंजरा वापरायचा असेल तर पहिले काही दिवस दार उघडे ठेवून जेवण आतच द्यावे, म्हणजे ती शिक्षेची जागा वाटत नाही. बाल्कनी मात्र नको. तिथे ऊन असते आणि खालच्या रस्त्याकडे पाहत भुंकण्याचा नाद लागतो.

झोपेची घडी बसली की शांत बसणे शिकवता येते. हो, तेही शिकवावेच लागते. पिल्लू उड्या मारते तेव्हा सगळे घर त्याच्याशी बोलते आणि गप्प पडून असते तेव्हा कुणी बघतही नाही. हे उलटे करायचे. ते आपणहून आडवे झालेले दिसले की त्याच्या रोजच्या कोरड्या खाण्यातला एक दाणा पुढच्या दोन पंजांच्या मध्ये, जमिनीवर, मुकाट्याने ठेवावा. 'शाब्बास!' म्हणून ओरडले की ते उठते. हात वरून आणला तरी उठते. दाणे रोजच्या मापातूनच काढावेत, नाहीतर पोट बिघडते.

यानंतर सतरंजीचा सराव. घडी घातलेली एखादी जुनी सतरंजी फक्त या कामासाठी ठेवावी. पाय टेकवला की एक दाणा, बसले की दुसरा, आडवे झाले की लागोपाठ तीन-चार, सगळे सतरंजीवरच. मग दोन दाण्यांमधला वेळ वाढवायचा, पण जिना चढल्यासारखा नाही : २ सेकंद, ५, ३, १०, ४, १५. वेळ नुसता वाढतच गेला की पिल्लू कंटाळून उठते. एका बाजूचा कुल्ला टेकवून, कलंडून बसले की ते सैलावले असे समजावे. दोन्ही मागचे पाय पोटाखाली घेऊन बसलेले पिल्लू उडी मारायच्या तयारीत असते. तीन मिनिटे झाली की सतरंजी गुंडाळून ठेवावी. दिवसातून तीन-चार वेळा एवढे पुरे.

हे जमले की व्यत्यय आणायचे : आपण उभे राहणे, एक पाऊल मागे जाणे, दारापर्यंत जाणे, कडीला हात लावणे. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू ऐकवावा आणि दिवसागणिक थोडा वाढवावा. पिल्लू लागोपाठ दोनदा उठले तर ते हट्टी नाही, आपण घाई केली आहे; एक पायरी मागे यावे. सर्वांत जास्त चूक इथेच होते. सतरंजीवर चार दिवस झाले की थेट पाहुण्यांसमोर परीक्षा घेतली जाते आणि मग 'आमचं पिल्लू शिकतच नाही' अशी तक्रार येते.

पाहुणे येण्याआधी पट्टा लावावा आणि त्यावर पाय ठेवावा. पट्टा इतका सैल असावा की उभे राहता येईल, पण उडी मारता येणार नाही. दार उघडताना आठ-दहा दाणे जमिनीवर विखरावेत. खाली वास घेणारे नाक वर झेपावत नाही. चारही पाय जमिनीवर असतील तरच पाहुण्यांनी बोलावे आणि डोक्यावर थोपटण्याऐवजी छातीवरून सावकाश हात फिरवावा.

चेंडूऐवजी नाकाला काम द्यावे. जुन्या टॉवेलच्या घडीत दाणे गुंडाळून द्यावेत. फिरायला नेताना दोन मीटरचा पट्टा सैल सोडून १५ मिनिटे हवे तिथे हुंगू द्यावे. मात्र लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या वावराची जागा टाळावी. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. ओले फडके पिळून फ्रीझरमध्ये गोठवून आपल्या देखत चघळायला द्यावे. तोंड दाबून धरणे, मानगुटीला धरून हलवणे, पाणी फवारणे याने पिल्लू भेदरते, शांत होत नाही. एवढे करूनही ते रात्रीदेखील स्वस्थ पडत नसेल तर गोचीड, खाज, जंत यांसाठी पशुवैद्यकांना दाखवावे. आणि दात लागून रक्त आले तर 'घरचंच आहे' म्हणून सोडू नये : जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता संपादक म्हणून आपल्याला एक विनंती. पिल्लू भावंडांशी खेळताना जोरात चावले की खेळ थांबतो आणि दाताचा जोर आवरणे ते तिथेच शिकते. महिन्याभराचे असताना आईपासून तोडलेल्या पिल्लाचे हे शिकणे राहून जाते आणि ते काम नव्या घरावर पडते. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. तरीही 'पिल्ले विकणे आहे' अशा छोट्या जाहिरातींत जात असते, रंग असतो, वय नसते. जन्मतारीख आणि विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय अशी जाहिरात आपल्या वृत्तपत्राने स्वीकारू नये.

— एक श्वानप्रशिक्षक, पुणे