खोडदच्या ताईंना, लेझीमच्या उत्तराबद्दल

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितोय. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या अकरावीच्या पोरांना घेऊन खोडदला जीएमआरटी, म्हणजे तिथली मोठी रेडिओ दुर्बीण, बघायला आलो होतो. तुम्ही माहिती सांगत होतात आणि मुलं ४५ मीटरच्या डिशच्या जाळीतून पलीकडचं आभाळ बघत होती. (ही तर चाळणी, हिच्यात अडकणार काय, असं एकानं विचारलंच. हायड्रोजनची लहर २१ सेंटीमीटरची, तिला ही भोकं दिसतच नाहीत, म्हणालात. गडी गप्प.)

मग आमच्या एका मुलीनं तो प्रश्न काढला. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, बाहेरचे मागे पडतात; मग आकाशगंगेच्या सर्पिल भुजा गुंडाळून त्यांचा गुंता कसा होत नाही? वर्गात तिनं मलाही हेच विचारलं होतं आणि मी "परीक्षेला नाही" म्हणून वाटेला लावलं होतं. खरं तर मला येत नव्हतं.

भुजा म्हणजे ठरावीक तारे नव्हेत, गर्दीची लाट आहे, तारे तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात, असं तुम्ही सांगितलंत. माझं तेवढ्यावर भागलं असतं. पोरगी हटेना. मग ती लाट विरत का नाही?

"विरते की!" तुम्ही हसून म्हणालात. संगणकात नुसत्या ताऱ्यांची चकती फिरवली, तर दहाएक फेऱ्यांत भुजा पुसट होतात. भुजांच्या ओढाताणीनंच ताऱ्यांची चाल बिघडते. "मिरवणुकीत लेझीम बघितलीय ना? दोन तासांनी दमलेल्यांचा ठेका चुकतो, रांगा मोडतात. मागून ताज्या दमाची पोरं शिरली की रांग पुन्हा दिसायला लागते." ही ताजी पोरं म्हणजे बाहेरून चकतीवर येऊन पडणारा वायू. तारे एकमेकांवर आपटत नाहीत, वायूचे ढग आपटतात आणि त्यांची सैरावैरा धाव तिथंच जिरते. म्हणून त्यांच्यातून जन्मलेले तारे शिस्तीत, जवळजवळ गोल वाटेनं फिरतात. १९८४ साली सेलवुड आणि कार्लबर्ग या खगोलशास्त्रज्ञांनी हे गणितात घालून दाखवलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

वायू बाहेरून कशाला यायला हवा, हा प्रश्न मात्र माझा. तुम्ही हिशेबच मांडलात. आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या वायूचे तारे करते; या हिशेबानं शिल्लक साठा काही अब्ज वर्षांतच संपेल, आणि कारखाना तर दहाएक अब्ज वर्षं चालू आहे. भर पडत असल्याशिवाय हे जमायचं नाही. माहितीपत्रकाच्या पाठीवर तुम्ही असाच आकाशगंगेकडे येणारा वायूचा एक ढग, स्मिथ ढग, काढून दिलात. १९६३ मध्ये सापडलेला, दहा लाख सूर्यांहून जड, सुमारे तीन कोटी वर्षांत चकतीवर येऊन आदळणारा. तो मुळात आकाशगंगेतूनच उडालेला असेल आणि आता घरी परत येत असेल, असंही म्हणालात. शिवाय तिरक्या दिशेनं आलेला वायू चकतीची कड वाकवू शकतो, म्हणून पेनाच्या एका फटक्यात कडही वाकवून दाखवलीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी त्या मुलीची माफी मागितली, मग फळ्यावर लेझीमची रांग काढली. पत्रक तिनं बघायला म्हणून नेलंय, अजून परत दिलेलं नाही. मीही मागितलेलं नाही.

मनापासून आभार, ताई. पुढच्या फेब्रुवारीत येतोच आहोत, तेव्हा आधी नाव विचारीन.