मी अथेन्सला गेले नव्हते

स्टुटगार्ट, २६ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई "जेवलीस का?" विचारते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. आई, रात्रीच्या दिव्यात वाचत बसू नकोस, सकाळी चहा झाला की बाबांनी वाचून दाखवायचं. आणि बाबा, मधले परिच्छेद गाळायचे नाहीत.

आधी कबुली देते. या महिन्याच्या सुरुवातीला मी ऑफिसच्या कामासाठी अथेन्सला गेले नव्हते. सांतोरिनी बेटावर गेले होते. हो, तिथेच. तुम्हा दोघांना घेऊन मेमध्ये जायचं होतं तिथे.

बुकिंगचे पैसे परत मिळत नव्हते, वर्षाच्या आत तारीख बदलून घ्या म्हणाले. बाबांच्या दोन स्टेंट नुकत्याच बसलेल्या, तेव्हा तुम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पैसे बुडू द्यावेत असं दोन महिने वाटत होतं. मग वाटलं, बुडवून कुणाचं भलं होणार? पण खरं सांगू, हे सगळं मी स्वतःला समजवायला म्हणत होते. मला जायचं होतं. मार्चमध्ये आयसीयूच्या बाहेरच्या त्या बाकावर दादाबरोबर मी असायला हवी होते आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. तेव्हापासून कुठेतरी एकटीने जाऊन बसावंसं वाटत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर आई म्हणाली असती "जा गं", आणि बाबा काहीच म्हणाले नसते. ते काहीच न म्हणणं मला झेपलं नसतं.

जाऊ दे. तर मी गेले, पण दिवसभर तुमच्या पायांनी चालले.

तिथे एका दिवसाची सहल घेतली. गाडीत आम्ही आठ जण आणि गाईड. आपल्या २०१९ च्या त्या सहलीसारखं नाही हं, शेहेचाळीस माणसं, झेंडा धरलेला पोरगा, आणि बाबा स्वच्छतागृहात असताना निघून गेलेली बस! आई अजून ती गोष्ट सांगते तेव्हा तिचा आवाज चढतो. इथे गाईड साठीच्या आसपासची बाई होती, गळ्यात परवान्याचं कार्ड. ग्रीसमध्ये उत्खननाच्या जागी परवाना असलेल्या गाईडनेच माहिती सांगायची असा नियम आहे. आमच्यात कॅनडाचे एक आजोबा होते, काठी घेऊन. ती सगळ्यांत मागे, त्यांच्या चालीने चालायची आणि ते पोहोचेपर्यंत तोंड उघडायची नाही. बाकीचे थांबायचे. कुणी घड्याळ बघितलं नाही. मी तेव्हाच ठरवलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्हाला आठवतं, मी दुसरीत असताना बेट म्हणजे काय विचारलं होतं, आणि तुम्ही ताटातल्या भाताचं आळं करून त्यात वरण ओतलं होतं? म्हणालात, हे बेट नाही, हा ज्वालामुखी. मग आळ्याची एक बाजू बोटाने फोडलीत. वरण ताटभर पसरलं आणि आई ओरडली, "पोरीला जेवू द्या." सांतोरिनी म्हणजे तेच फुटलेलं आळं आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला, मधला भाग खचला आणि फुटलेल्या बाजूंनी समुद्र आत आला. आता कडा राहिल्यात अर्धगोल, समुद्रातून सरळ तीनशे मीटर उभ्या. त्यांच्या माथ्यावर ती पांढरी घरं, भातावर पेरलेल्या खोबऱ्यासारखी. लोणारला शाळेची सहल नेली होतीत तेव्हा तुम्ही काठावर हात पसरून उभे राहिला होतात. लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं. हे लांबीला बाराच्या आसपास आहे. हात पुरणार नाहीत.

मधे एक काळंकुट्ट बेट आहे, निआ कामेनी. तो ज्वालामुखी शेवटचा १९५० मध्ये जागा झाला होता. तुम्ही बातम्या बघता हे मला माहीत आहे, म्हणून मीच सांगते: या फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्के आठवडेच्या आठवडे बसत होते, हजारो लोक बेट सोडून गेले, शाळा बंद होत्या. मग ते थांबलं आणि लोक परत आले. दुकानं, बस, शाळा सगळं चालू आहे, मी डोळ्यांनी बघून आले. (बाबा, दवाखान्यात तुम्ही म्हणाला होतात ना, "बरं झालं, तिकडची जमीन आणि माझी नळी एकदमच बिघडली." नर्स हसली, मी फोनवर रडले.)

सहल अक्रोतिरीपासून सुरू झाली. राखेखाली गाडलेलं गाव. १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी खोदायला सुरुवात केली आणि १९७४ मध्ये तिथेच, खोदकामाच्या जागीच ते वारले. सगळ्या गावावर आता मोठं छप्पर आहे, त्यामुळे ऊन लागत नाही. चालायला उताराचे रस्ते आणि फळ्यांचे पूल आहेत. कॅनडाचे आजोबा काठी टेकत पूर्ण फिरले. दोन मजली, तीन मजली घरं, दाराशी ओळीने रांजण. एका घरात वरच्या मजल्यावर संडास आहे, भिंतीतून मातीची नळी खाली रस्त्यातल्या गटाराला जोडलेली. बाबा, शाळेच्या मुतारीसाठी तुम्ही मारलेल्या चकरा आठवल्या.

पण मला जे बघून थांबावंसं वाटलं ते वेगळंच. तिथे आजवर एकाही माणसाचा सांगाडा सापडलेला नाही. आधी धक्के बसले, लोक बाहेर पडले, मग परत येऊन मलबा उपसायला लागले. खाटा बाहेर काढून एकावर एक रचलेल्या होत्या. त्या लाकडाच्या कुजून गेल्या, पण राखेत त्यांचे साचे राहिले, त्यांत प्लास्टर ओतून खाटा पुन्हा उभ्या केल्यात. म्हणजे घर आवरता आवरता निघाले ते. आई, तू असतीस तर गेली नसतीस, "एवढा ओटा पुसून येते" म्हणाली असतीस.

दुपारचं जेवण मेगालोखोरी नावाच्या गावात, चौकातल्या झाडाखाली. आणि बशीत काय आलं माहितीये? घट्ट पिवळं वरण. वर कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल, लिंबाची फोड. त्याला ते फावा म्हणतात. मी पहिला घास घेतला आणि चमचा तसाच धरून बसले. आजीच्या घरची चव. गाईडला विचारलं तर म्हणाली, ही मसूर नाही, वाटाणाही नाही, याचं नाव लॅथिरस. बाबा, लाखोळी! सख्खी नाही, चुलत बहीण, पण त्याच घराण्यातली. त्या बेटावर साडेतीन हजारांहून जास्त वर्षं पिकते आहे, अक्रोतिरीच्या रांजणांत तिचे दाणे मिळालेत. आपल्याकडे आता धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकायचे दिवस आहेत ना? तिथे पाऊस फार कमी, रात्री समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलीवरही ती जगते. आई, मला माहीत आहे तू काय म्हणणार, लाखोळीने पाय जातात. रोज फक्त तीच खाल्ली तर. एका दिवसाने काही होत नाही. अर्धा किलो घेऊन आले आहे, तू आलीस की वडे कर.

द्राक्षाचे वेलही असेच. वाऱ्याने मोडतील म्हणून मांडव नाही, जमिनीवरच वेल गोल गोल वळून टोपलीसारखा करतात आणि घड आत, टोपलीच्या पोटात. दुरून कोंबड्यांची खुराडी वाटतात. वाइन चाखवतात, पण सक्ती नाही. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची एक गोड असते, मनुकांचं पाणी आठवेल अशी. बाबा, तुम्हाला अर्धा पेला, डॉक्टरांना विचारून. आईने त्या वेळी वेल बघायला जावं.

आणि सगळ्यात शेवटी फिरा गावातल्या संग्रहालयात वानरं. भिंतीवर निळी वानरं उड्या मारतात, अक्रोतिरीच्या एका घरातून निघालेलं चित्र. २०१९ मध्ये अभ्यासकांनी, त्यांत वानरांचे जाणकारही होते, शेपटीच्या वळणावरून सांगितलं की हे आपल्याकडचे लंगूर असावेत. ग्रीसमध्ये वानरं नव्हतीच. मी समोर उभी राहिले आणि मला आपलं कौलांचं छप्पर दिसलं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि काठी घेऊन धावणारी आई. शेपटी अगदी तशीच, वर उचलून टोकाला वळलेली. बाबा, तुम्ही माकड आणि वानर यांतला फरक शेपटीवरूनच शिकवला होता. बाकीचे सात जण पुढे गेले तरी मी तिथेच. गाईड परत आली, काही बोलली नाही, बाकावर बसून राहिली. तेव्हा मला कुणीतरी जवळ हवं होतं, एवढंच.

तर आता ऐका. मी बुक केलं आहे. मे २०२६, तिकिटं काढून झालीत, पैसे परत मिळणार नाहीत, त्यामुळे "कशाला एवढा खर्च" हा विषय बंद. युरोला रुपयांनी गुणत बसायचं नाही. दादाने डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणाले हरकत नाही, फक्त निघण्याआधी एकदा तपासून घ्या. माझ्याकडे सहा आठवडे, त्यातले पाच दिवस सांतोरिनी.

आधीचं हॉटेल कड्यावरचं होतं, चित्रात छान, पण खोलीपर्यंत ६२ पायऱ्या, मी मोजल्या. ते सोडलं. आता कामारीला घेतलंय, समुद्राकाठी, सपाट. खोली तळमजल्यावर, दारातून पंधरा पावलांवर फरसबंद रस्ता, बाकं, काळ्या गोट्यांचा किनारा. तो किनारा पूर्वेला आहे. लोक तिथे सूर्यास्तासाठी ओइया गावात गर्दी करतात, खांद्याला खांदा. आपण जाणार नाही. बाबा पाचला उठतातच, त्यांना खोलीसमोर समुद्रातून सूर्य वर येताना दिसेल.

खोलीत चहाची किटली आहे. चहापत्ती, गूळ, वेलची, आल्याचा किस मी नेईन. आई, तुझा साबुदाणाही. नळाचं पाणी प्यायचं नाही, समुद्राचं गोडं केलेलं असतं, बाटल्या मिळतात. कमोड आहे, हातफवारा नाही, म्हणून तांब्या घेऊन ये, तो स्टीलचा छोटा. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही अशी पाटी दिसेल, त्यांच्या नळ्या बारीक आहेत. आपल्याला कागदाशी काय करायचंय म्हणा. पांढरी वांगी मिळतात तिथे, भाजून भरीत करतात, फोडणी नसते पण वाईट नाही.

सहलीला त्याच बाई, आठ जणांचीच गाडी, अक्रोतिरी, मेगालोखोरी, वेल, वानरं. लाल किनारा लांबून बघायचा, तिथे दरड कोसळते. पिर्गोसच्या किल्ल्यावर बाबांनी चढायचं नाही, मी ८४ पायऱ्यांपर्यंत मोजून सोडून दिलं. चौकात कॉफी प्यायची आणि मला वर जाऊ द्यायचं. जुन्या बंदराच्या पायऱ्या तर ५८८ आहेत, तिथे खेचरं असतात. बाबा, खेचरावर बसायचं नाही. नागझिऱ्याला काय झालं ते विसरले नाहीये मी.

रक्त पातळ करणारी गोळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. दोन ठिकाणी विभागून, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. विमा मी काढते, कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, पण हृदयाचं आधीचं दुखणं त्यात लिहूनच घ्यायचं. फॉर्मवर "काही आजार नाही" असं बाबांनी ऐटीत लिहायचं नाही. व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला दादा सोबत येईल. आई, तुझी बोटं भांड्यांनी गुळगुळीत झालीत, आधार कार्डाच्या वेळी उमटली नव्हती, तर आठवडाभर आधीपासून रात्री तेल लाव आणि भांडी वहिनीला, नाहीतर बाबांना घासू दे. डॉक्टर म्हणालेतच, हालचाल हवी.

तुम्ही न येता मी तिथे गेले, याचा राग आला असेल तर येऊ द्या. तिथे आल्यावर माझ्यावर काढा, कामारीच्या बाकावर बसून, सकाळी सहाला.

बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतो. देवघराच्या खालच्या खणात आहे, आईच्या जुन्या चष्म्याच्या डबीखाली. आज काढा आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवा. अंगठा मधे येऊ देऊ नका.

तुमची,
चिमणी

ता. क. कॅनडाच्या आजोबांनी निघताना मला विचारलं, "तू सारखं काय मोजत होतीस?" मी सांगितलं. त्यांनी पँटवरची धूळ झटकली आणि म्हणाले, संग्रहालयाच्या दारातली दोन पावलं तू धरली नाहीस. तेव्हा दोन जास्त धरा.