विषय : बिलात लावलेले स्पार्क प्लग गाडीत नव्हतेच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. "सर, सिस्टीममध्ये तुमची तक्रार निकाली निघालेली दिसतेय," असं सांगण्यात आलं. गाडी तुमच्या अधिकृत वर्कशॉपच्या आवारात उभी आहे, चौथ्या सिलिंडरच्या हेडमध्ये प्लगचा तुकडा अडकलेला आहे, आणि तक्रार निकाली! कोणी काढली, मला न विचारता कशी काढली, याचं उत्तर मिळालं नाही.

गाडी म्हणजे तुमचा पेट्रोल-सीएनजीवरचा छोटा ट्रक. वरुड तालुक्यातून नागपूरला कळमना मार्केटमध्ये संत्रा नेतो, मी स्वतः चालवतो. १,६०,००० किलोमीटरच्या वर झाले. सीएनजीवर मिसिंग मारायला लागली, चढाला दम सोडायला लागली, म्हणून आणली. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढला की आधी सीएनजीवरच कळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन तापलेलं होतं. ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायचे तर इंजिन थंड होऊ द्यावं लागतं, हे आमच्या गावातला मेकॅनिकही पाळतो. तुमच्या पोरानं लगेच पाना लावला. आधी हवा मारून भोकातली धूळसुद्धा उडवली नाही. तीन निघाले, चौथा मोडला. वरचा षटकोन पान्यात आला, चुडी, म्हणजे आट्यांचा भाग, आतच राहिली.

सर्व्हिस ॲडव्हायझर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "काकाजी, हे प्लग कंपनीतूनच आलेले दिसतात. तुम्ही कधी बदललेच नाहीत. म्हणून जाम झाले."

मी डॅशबोर्डच्या खणातून जुनं बिल काढलं. १,२०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगचं, याच वर्कशॉपचं, यांच्याच शिक्क्याचं. त्यात स्पष्ट लिहिलंय : स्पार्क प्लग, ४ नग. पैसे भरल्याची पावती त्याच्याच मागे टाचलेली. त्यांनी बिल हातात घेतलं, उलटून बघितलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बिलात असतील काकाजी, गाडीत नाहीत न." बाजूची दोन पोरं हसली. वर म्हणाले, "एवढी चाललेली गाडी, आता विकून टाका."

साहेब, तुमच्याच माणसानं सर्वांसमोर कबूल केलं की पैसे घेतले आणि प्लग लावले नाहीत. आणि हेड उतरवायचा खर्च मात्र माझ्याकडे मागता? वरून "नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची" अशा कागदावर माझी सही हवी आहे. ती मिळणार नाही.

निघालेले तिन्ही प्लग मी फडक्यात बांधून आणलेत. मधला इलेक्ट्रोड झिजून गोल झालाय, गॅपमधून गेजची दीड मिलिमीटरची पट्टी आरपार जाते. चाळीस हजार किलोमीटर चाललेले प्लग असे दिसतात का, ते तुमच्या इंजिनिअरला विचारा. बिलात असतील, गाडीत नाहीत! हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

फोनवर आणखी एक ऐकवण्यात आलं, की व्यावसायिक गाडी असल्यामुळे मी ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो माणूस ग्राहकच आहे. जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रारही करता येते. म्हणजे मला अमरावतीला जायचं आहे, तुम्हालाही तिथंच यावं लागेल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करतो आहे.

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू आहे. माल थांबत नाही, भाड्याच्या गाडीत पाठवतोय, ते भाडं मी भरतोय. आमच्या गावात तुमच्याच कंपनीच्या गाड्या जास्त, कारण लोकांचा विश्वास होता. साळ्यालाही हीच घे म्हणून मीच सांगितलं होतं. आता त्याला थांबवलंय.

अडकलेली चुडी काढून, हेडची चुडी खराब झाली असेल तर इन्सर्ट (नव्या चुडीची बाही) टाकून, गाडी तुमच्या खर्चानं चालू करून द्या. मागच्या चार प्लगचे पैसे आणि मजुरी परत करा. माझी तक्रार पुन्हा उघडा आणि काय केलं ते लेखी कळवा, फोन नको.

हेडला हात लावण्याआधी मला बोलवा. माझ्यासमोर उघडा, आणि मोडलेल्या प्लगचे दोन्ही तुकडे माझ्या ताब्यात द्या.

आपला ग्राहक,
वरुड तालुका, जि. अमरावती