घराच्या कर्जाबद्दल, जरा सविस्तर

कोलंबस, ओहायो
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. परवा घराचे कर्ज मंजूर झाल्याचे सांगितले, तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "ज्याचे हप्ते थकले होते, त्याला बँक पुन्हा कर्ज देतेच कशी?" तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

हप्ते थकले ते २०२२ च्या उन्हाळ्यात. नोकरी गेली होती आणि मी तुम्हांला ते कळू दिले नव्हते. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे त्याच महिन्यांत पाठवले; पण त्यामुळे माझ्या क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले, असे आईने कृपा करून मनात आणू नये. वेळीच कोणाशी बोललो नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

इथे माणसाची पत आकड्यात मोजतात. आपल्याकडे सिबिल आहे तसेच हे, पण इथे भाड्याचे घर, मोबाइलची जोडणी, गाडीचा विमा, सगळीकडे बहुधा आधी पत पाहतात. हा आकडा ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. बाबा, तुम्ही जन्मभर कोणाचे एक पैसाही देणे ठेवले नाही, पण इथे तुमचा आकडाच निघाला नसता, कारण ज्याने कधी उधार घेतले नाही तो फेडील की नाही हे यांना कळत नाही. कार्ड वापरावे, मात्र मर्यादेच्या थोड्याच भागापर्यंत, आणि तारखेच्या आत फेडावे, अशी इथली रीत आहे. चुकलेला हप्ता सात वर्षे कागदावर राहतो. गृहकर्जाचा सल्ला देणाऱ्या संस्थेतील बाईंनी माझा अहवाल टेबलावर पसरला आणि पट्टी ठेवून एकेक महिना दाखवला. बाकीच्या चौकटी स्वच्छ आणि चार चौकटींत ३० नाहीतर ६०, म्हणजे तितके दिवस उशीर. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटले. त्यानंतर दोन वर्षे एकही तारीख चुकवली नाही.

आता कर्जाविषयी. सरकारी गृहनिर्माण प्रशासन, ज्याला इथे एफएचए म्हणतात, १९३४ पासून अशा कर्जांचा विमा उतरवते. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान ते भरून देते, म्हणून बँक माझ्यासारख्यालाही दारात उभे करते. आकडा ५८० किंवा त्याहून जास्त असेल तर किमतीच्या साडेतीन टक्के स्वतःचे घालावे लागतात. यंदाच्या मे महिन्यापासून तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना हे कर्ज बंद झाले. माझे ग्रीन कार्ड झालेले असल्यामुळे मला अडचण आली नाही. घर २,२०,००० डॉलरचे, म्हणजे माझा वाटा ७,७०० डॉलरचा. तो ओहायो राज्याच्या गृहवित्त संस्थेच्या योजनेतून आला. तिने किमतीच्या पाच टक्के, म्हणजे ११,००० डॉलर दिले, त्यामुळे उरलेले ३,३०० डॉलर कागदपत्रांच्या खर्चाला झाले. सात वर्षे घर विकले नाही आणि कर्ज बदलून घेतले नाही, तर ही रक्कम माफ होते. यात फसवणूक नाही, पण फुकटही काही नाही: व्याजाचा दर थोडा चढा आहे आणि विम्याचे पैसे, सुरुवातीला महिना सुमारे ९७ डॉलर, कर्ज असेपर्यंत भरावे लागतील. हे सगळे मांडून, चारदा तपासूनच मी होकार दिला आहे.

बाबा, तुम्ही फंडातले तीन लाख पाठवतो म्हणालात. नातेवाइकांकडून पैसे घेतले, तर ते परत करायचे नाहीत, असे देणाऱ्याच्या सहीचे पत्र बँकेला द्यावे लागते. तुमच्याकडून तशी सही मागायला माझे मन धजले नाही. ती रक्कम छोटीच्या लग्नासाठीच असू द्या.

आणि तिच्या लग्नाचेच सांगायचे राहिले आहे. घराच्या सह्या होईपर्यंत खात्यातून मोठी रक्कम काढू नका, नवे कर्ज घेऊ नका, असे बँकेने बजावले आहे. त्यामुळे कबूल केलेल्या पैशांपैकी निम्मे ऑक्टोबरच्या शेवटी पाठवीन, उरलेले मार्चपर्यंत. हॉलचे पैसे मार्गशीर्षाच्या आधी भरायचे आहेत, हे मी विसरलेलो नाही. लग्नाला मी नक्की येईन, मात्र चारच दिवस. छोटीला हे मी स्वतः रविवारी फोनवर सांगतो, तोवर तुम्ही तिच्यापाशी काही बोलू नका.

तुमचा,
दादा