मोडतोडीची मुभा द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, केंद्र सरकारकडून शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण शाळेत आलेली वस्तू एकदा जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कायम टिकणाऱ्या सामानाच्या यादीत चढली, की तुटल्यावर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग कपाटाला कुलूप लागतं, आणि त्यात दोष शिक्षकाचा नाही, नियमाचा आहे.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. तिथे परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा होती. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे पोहोचले आणि काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये खोचून त्यांनी भूमिती मुलांच्या हातात दिली : दाबला तरी त्रिकोण ताठ राहतो, चौकोन कलतो. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला, हे आजही सलतं.

गुप्तांनी घरोघरी पोहोचवलेली मोटर पाहा. टॉर्चचा मोठा सेल, एनॅमलचा वीजरोधक लेप असलेली मीटरभर तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचा रबरी पट्टा, छोटं चुंबक. सेलभोवती दहा वेढे घेऊन वेटोळं काढायचं, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ ठेवायची. रबरी पट्ट्याने सेलच्या दोन्ही टोकांना पिना बसवून त्यांच्या भोकांत ही टोकं टेकवायची आणि वेटोळ्याखाली सेलवर चुंबक ठेवायचं. टोकांवरचं एनॅमल तीनच बाजूंनी खरवडायचं. चारही बाजू खरवडल्या तर प्रवाह अखंड वाहतो, अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो आणि वेटोळं थरथरून थांबतं. चौथी बाजू राखली की नेमक्या त्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळं वेगाच्या भरात पुढे सरकतं. टोकं मधोमध नसतील तर ते नुसतं झुलतं. अडकलं तर लगेच उचलायचं, नाहीतर सेल तापतो. तयार किटमध्ये हे सगळं कारखान्यानेच सोडवलेलं असतं. मुलाला विचार करायला उरतं काय?

तेव्हा तार, सेल, चुंबकं, भंगारातले पंखे-रेडिओ हे खर्चून संपणारं साहित्य माना. ते जडवस्तू नोंदवहीत चढवू नका. शिक्षकांना लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून थेट खरेदी करू द्या. मायक्रोवेव्ह आणि जुने टीव्ही मात्र उघडायला देऊ नयेत. प्लग काढल्यावरही त्यांतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईतच आहे.

आणि प्रात्यक्षिक परीक्षेत, मोटर फिरली नाही तरी ती का फिरली नाही हे नीट सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या.

आपले,
मुंबईतील काही विज्ञान शिक्षक