सेल्फचा आवाज ऐकणाऱ्या काकांना

ए विंगमधल्या काकांना,
सा. न.

सोसायटीच्या ग्रुपवर मी नुसतं 'थँक्यू काका' लिहिलं आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. झालं काय होतं ते मात्र कुणाला कळलंच नाही, म्हणून हे उघडं पत्र.

त्या पहाटे घोडबंदर रोडवरच्या आपल्या बेसमेंटमध्ये माझी गाडी सुरू होईना आणि आई-बाबांना ठाणे स्टेशनवरून कोकणातली ट्रेन पकडायची होती. तुम्ही आधी त्यांना रिक्षात बसवलंत. "गाडीचं नंतर बघू, ट्रेन थांबायची नाही." पहिले आभार त्याचे.

तोवर वॉचमनने 'बॅटरी गेली' असं जाहीर केलं होतं आणि कुणीतरी धक्का मारायला बाह्या सरसावल्या होत्या. (गाडी ऑटोमॅटिक. ती धक्क्याने काय सुरू होणार!) तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत आणि मला म्हणालात, "सेल्फ मार." टकटकटकटक. डॅशबोर्डचे दिवे मंदावले. म्हणजे सेल्फला पुरेसा करंट पोचत नव्हता. एकच जोरदार 'टक' आला असता, तर संशय इंजिन फिरवणाऱ्या सेल्फ मोटरवर किंवा तिच्या सोलेनॉइडवर, म्हणजे तिला करंट जोडणाऱ्या स्विचवर. काहीच आवाज नसेल तर गिअर पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) आहे ना ते बघायचं, मग फ्यूज आणि रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. आणि इंजिन गरागरा फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला बोल लावायचाच नाही. तिथे पेट्रोल पोचत नसतं किंवा स्पार्क. इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून फ्यूएल पंपाची बारीक घूं ऐकू येते का, हेही तुम्ही मला कान लावून ऐकायला लावलंत. शेजारच्यांच्या सीएनजी गाडीचं कोडंही जाता जाता सुटलं: सीएनजीची टाकी भरलेली, पण गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि पेट्रोल तळाला गेलेलं.

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे चार्ज पुरेसा. तुम्ही एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवलीत, दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या वायरच्या क्लॅम्पवर आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलंत. दोघांत जवळपास शून्य दिसायला हवं होतं. आकडा भराभर वर चढला. बॅटरी देत होती, पण पुढे जातच नव्हतं. क्लॅम्पच्या आत पांढरट-हिरवी भुकटी साचलेली!

दहा नंबरचा पाना, गरम पाण्यात खायचा सोडा, पॉलिश पेपर. काढताना निगेटिव्ह आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतं, बसवताना उलट. वरून व्हॅसलिनचं बोट. गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते तुमचं नंतरचं बोलणं. नवी बॅटरी टाकली असती तरी गाडी सुरू झालीच असती, कारण ती बसवताना कुणीतरी टर्मिनल घासलंच असतं. मग मी काही हजार रुपये मोजून वर्षानुवर्षं 'बॅटरीच गेली होती' असं सांगत फिरले असते. चुकलेलं निदानही बरोबर ठरल्याचा भास होतो, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

पावसाळ्यासाठीची तुमची ताकीद सगळ्यांसाठी इथे लिहिते: साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि इंजिनमधला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाजूला घ्या आणि टो करून न्या.

मी मल्टिमीटर घेतलाय. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं म्हणालात. माझ्या गाडीचं १३.५ येतंय. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) पट्टा ढिला आहे का, बघायला रविवारी खाली याल का? चहा माझ्याकडे.

तुमची,
बी विंगमधली शेजारीण