स्टार्टर मारण्याआधी दोन फेऱ्या

मा. संपादक,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या इंडिका डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट (क्रँक, कॅम आणि डिझेल पंप एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) घरीच बदलणारे बरेच आहेत. मजुरी जरूर वाचवा, पण टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, जुना ठेवू नका. त्याचा बेअरिंग अडकला की नवा बेल्टही जातो. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) किंवा कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सीलमधून तेल गळत असेल तर सील आधी बदला, तेलाने बेल्टचं रबर फुगतं आणि दात सुटतात. क्रँक, कॅम, पंप या तिन्ही खुणा जुळवून पांढऱ्या रंगाने ठळक करा, मगच बेल्ट उतरवा. नवा चढवल्यावर पान्याने क्रँक हातानेच पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, खुणा पुन्हा पाहा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. एक दात चुकला तरी बेल्ट उतरवून पुन्हा बसवा. चोर्ला घाटात बेल्ट तुटला तर इंजिनासोबत ब्रेक दाबायला त्याच्याकडून मिळणारी मदतही जाते.

— एक वाचक, खानापूर